सुटीतील अपुरा गृहपाठ आणि वरच्या इयत्तेतील इंग्रजी

उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडली म्हणजे सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या पहिल्या तासाला बहुधा एकच प्रश्न ऐकू येतो : "सुटीचा अभ्यास कोणी कोणी केला नाही? उभे राहा." काही मुले उभी राहतात, काही अर्धवट वह्या दप्तरातच दडवून बसून राहतात, आणि काही तर हा प्रश्न येणार हे आधीच ओळखून त्या दिवशी शाळेतच आलेली नसतात. तास संपतो. शिक्षकाजवळ उरते ती गृहपाठ न करणाऱ्यांची एक यादी. त्या यादीवरून उद्या कोणते वाक्य फळ्यावर लिहावे हे मात्र त्याला कळत नाही, आणि कळावयास हवे होते ते नेमके तेच.

गृहपाठ अपुरा राहण्याचा प्रश्न सर्वच विषयांत उद्भवतो. गणितात अपुरे उदाहरण पुढे केव्हाही सोडवून घेता येते. मराठीत मुलाची घरची भाषाच त्याच्या साहाय्यास येते. इंग्रजीची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जात असले, तरी खेड्यातील मुलाच्या कानांवर शाळेबाहेर ती भाषा सलगपणे क्वचितच पडते. दुकानांच्या पाट्या, मोबाइलवरील शब्द, क्रिकेटचे समालोचन एवढाच तिचा शेजार. सहा आठवड्यांच्या सुटीत हा धागा तुटतो, आणि वरच्या इयत्तेत तर नव्या पुस्तकाचा पहिला पाठच मागील वर्षाचे सारे व्याकरण गृहीत धरून सुरू होतो.

विसरण्याविषयी जे शास्त्रीय ज्ञान उपलब्ध आहे ते येथे उपयोगी पडण्यासारखे आहे. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये आपल्या स्मरणविषयक प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, ठरावीक काळानंतर ते पुन्हा पाठ करण्यास किती वेळ कमी लागतो, हे त्याने मोजले. एक दिवसानंतर सुमारे एक-तृतीयांश वेळ वाचला. 31 दिवसांनंतरही सुमारे एक-पंचमांश वाचला. या प्रयोगातून शिक्षकाने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बहुतेक विसर पहिल्या काही दिवसांतच पडतो. म्हणून सुटी लागल्याबरोबर आठ दिवसांत सारा गृहपाठ उरकून वही ठेवून देणारा मुलगा जूनमध्ये फारसा पुढे असतोच असे नाही. दुसरी, जे विसरले ते नाहीसे झालेले नसते. दुसऱ्यांदा शिकताना ते लवकर येते. अर्थहीन अक्षरांच्या बाबतीत हे खरे असेल, तर अर्थ कळून शिकलेल्या वाक्यांच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे. 1996 मध्ये अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी सुटीच्या परिणामांविषयीच्या 39 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुटीत सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाएवढी पीछेहाट होते, गणित व स्पेलिंग यांत ती अधिक असते, आणि वाचनाच्या बाबतीत मध्यम परिस्थितीतील घरांच्या मुलांपेक्षा गरीब घरांतील मुले मागे पडतात, असे त्यांना आढळले. या तफावतीचे प्रमाण नेमके किती, याविषयी पुढे संशोधकांत मतभेद झाले आहेत. तथापि, ज्या घरात वाचावयास पुस्तक नाही आणि विचारावयास माणूस नाही तेथे सुटी मुलाला महाग पडते, हे कोणत्याही गावच्या शिक्षकास संशोधनावाचूनही ठाऊक आहे.

या प्रश्नात केवळ इंग्रजीच पणाला लागलेले असते असेही नाही. ज्या गावची शाळा सातवीपर्यंतच आहे तेथील एखाद्या मुलीचा विचार करावा. पुढील वर्षी तिला दुसऱ्या गावी पाठवावयाचे की नाही, याची चर्चा घरात चालूच असते. जूनमध्ये पेरणीची घाई, घरी धाकटे भावंड, आणि शाळेत पहिल्याच दिवशी सर्वांदेखत उभे राहण्याची पाळी. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही तर घरातील कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. उलट एक हात कामाला मिळतो. असे चार-सहा दिवस गेले की परत येणे पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसते. कोऱ्या वहीसाठी एवढी किंमत कोणी हेतुपुरस्सर मागत नाही. परंतु पहिला तास चुकीच्या प्रश्नाने सुरू झाला तर ती मागितली जाते.

कायद्याची बाजूही शिक्षकाने जाणून घ्यावी. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम 17 अन्वये बालकास शारीरिक शिक्षा करण्यास किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. बाकावर उभे करणे, वही सर्वांना दाखवून हसे करणे हे प्रकार 'शिस्त' या नावाखाली त्यातून निसटत नाहीत. त्याच कायद्याचे कलम 24 शिक्षकाचे कर्तव्य सांगते : प्रत्येक बालकाच्या अध्ययनक्षमतेचा अंदाज घेणे आणि आवश्यक तेथे जादा शिकविणे. या दुसऱ्या कलमाकडे सहसा लक्ष जात नाही. अपुरी वही हे अशा अंदाजाचे आयते साधन आहे. चाचणीचे कागद छापण्याचेही कारण नाही.

ते साधन वापरावयाचे तर पहिल्या दिवशी वह्या मागूच नयेत. तो तास बोलण्यात घालवावा. सुटीत कोण कोठे गेले, काय पाहिले, कोणते काम केले, हे मुलांनी वाटेल त्या भाषेत सांगावे आणि शिक्षकाने त्यातील आठ-दहा वाक्ये सोप्या इंग्रजीत फळ्यावर लिहावीत. आजोळ, लग्न, विहिरीवरचे पोहणे, शेळ्या, करवंदे, मुंबईच्या काकांचे घर असे सारे फळ्यावर यावे. मुले ती वाक्ये वहीत उतरवून घेतील. म्हणजे ज्याची वही कोरी होती तिच्यातही पहिले पान लिहून होईल. वह्या दुसऱ्या दिवशी, कोणताही शेरा न मारता, गोळा कराव्यात. ज्याने वही आणली नाही त्याला एक सुटा कागद द्यावा आणि त्यावर नाव लिहून आदल्या दिवसाची वाक्ये आठवतील तेवढी लिहावयास सांगावे.

त्यानंतरचे काम शिक्षकाने एकट्याने बसून करावयाचे आहे. पटावर तीस-पस्तीस मुले असतील तर त्यास एक संध्याकाळ पुरते. किती पाने भरली हे मोजण्यात वेळ दवडू नये. वही कोठे थांबली ते पाहावे. सुटीच्या इंग्रजीच्या अभ्यासात सामान्यतः शुद्धलेखन, रोज पाच नवे शब्द, मागील दोन-तीन पाठांची प्रश्नोत्तरे, मित्रास पत्र आणि 'सुटीतील एक दिवस' यांसारखा उतारा असतो. अर्धवट वह्या एकापुढे एक उघडून ठेवल्या की असे ध्यानात येते की, त्या वाटेल तेथे थांबलेल्या नसतात. शुद्धलेखन झालेले असते, शब्दार्थ झालेले असतात, आणि जेथे स्वतःचे वाक्य रचावयाचे तेथे पान कोरे राहते. एखाद्या वहीत उताऱ्याचा मथळा सुंदर अक्षरात काढून खाली रेघ मारलेली असते, आणि पुढे काहीच नसते. त्या मुलाला आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु आळशी मुलाने मथळ्याखाली रेघ कशासाठी मारली असती?

तो मुलगा बहुधा भूतकाळापाशी अडलेला असतो. कालची गोष्ट सांगावयाची तर क्रियापदाचे रूप हवे, आणि तेथेच मराठी व इंग्रजी यांच्या वाटा वेगळ्या होतात. मराठीत 'मी गेलो' याचा नकार 'मी गेलो नाही' असा होतो. भूतकाळ क्रियापदावरच राहतो, फक्त 'नाही' पुढे जोडले जाते. इंग्रजीत मात्र नकार आला की भूतकाळ 'डिड'कडे जातो आणि मूळ क्रियापद 'गो' असेच राहते. मुलगा घरच्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळतो आणि 'आय डिड नॉट वेन्ट' असे लिहितो. प्रश्नातही तेच : 'तू गेलास का?' यावरून 'डिड यू वेन्ट?' 'मी गेलो होतो' यातील 'होतो' हातचा सोडवत नाही, म्हणून 'आय वॉज वेन्ट'. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागून लगेच येते. म्हणून 'माय ब्रदर मँगो एट' असे वाक्य जन्मते. 'अ' आणि 'द' ही उपपदे तर मराठीत नाहीतच. ती कोठे घालावयाची हे सुटीत घरी बसून कोणाला विचारणार? या चुकांना निष्काळजीपणा म्हणता येत नाही. त्यांमागे घरच्या भाषेचा नियम उभा असतो. आणि नियम आहे म्हणूनच त्या वर्गात, फळ्यावर, सर्वांना एकदम समजावून देता येतात. मागील वर्षी अशा वाक्यांवर लाल खुणा पडल्याचे ज्याला स्मरते तो या वर्षी वाक्यच लिहीत नाही. कोऱ्या पानावर लाल खूण होत नाही, हे मुलांना लवकर समजते.

काही वह्या साफ कोऱ्या निघतात. त्यांचे कारण इंग्रजीत नसून घरात असते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मुले हंगाम संपून परत येतात तेव्हा गृहपाठ दिला गेला त्या दिवशी ती शाळेत होती की नव्हती, हेच आधी पाहावयास हवे. अशा मुलांना सुटीचा अभ्यास विचारणे म्हणजे न दिलेल्या कर्जाची वसुली करणे होय. त्यांना मागील वर्षाचे पुस्तक, जवळ बसणारा एक सोबती आणि दोन महिन्यांची सवड द्यावी. गुरे राखणारी, भावंडे सांभाळणारी मुले हा जुनाच विषय आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या डहाणू भागात, आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी मुलांसाठी काम करताना गुरे चारावयास जाणाऱ्या मुलांकरिता कुरणातच शाळा नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. मूल कामावर आहे म्हणून शिक्षण थांबले असे त्यांनी मानले नाही. मूल जेथे असेल तेथून शिक्षण सुरू केले. सातवीच्या इंग्रजीत तेवढे करणे शक्य नसले, तरी कामाचेच शब्द इंग्रजीत देणे शक्य आहे. ज्या मुलाने मे महिनाभर शेळ्या राखल्या त्याला सांगावयास दहा वाक्ये सहज सापडतात.

पूर्ण भरलेल्या पण उतरवून काढलेल्या वह्यांकडे अधिक सावधपणे पाहावे लागते. पूर्वी हे काम मार्गदर्शक पुस्तके करीत. आता मोबाइलवरून भाषांतरही मिळते. सहावीतून आलेल्या मुलाच्या वहीत निर्दोष, लांबलचक वाक्ये दिसली की शिक्षकास आनंद होण्याऐवजी शंका यावी. पण त्याला चोर ठरवू नये. त्या उताऱ्यातील एक परिच्छेद त्याला वाचावयास सांगावा, आणि एका वाक्याचा अर्थ मराठीत विचारावा. अर्थ आला तर मोबाइलच्या साहाय्यानेही तो काही शिकला आहे. न आला तर त्याची वही भरलेली असूनही अपुरीच समजावी आणि अडलेल्या मुलांसोबत त्याला बसवावे. खरे म्हणजे भूतकाळापाशी थांबलेली प्रामाणिक वही शिक्षकाला यापेक्षा पुष्कळ अधिक सांगते.

पुढचा प्रश्न अपुरे काम पूर्ण करून घेण्याचा. येथे एक सर्वसामान्य चूक होते. "सोमवारपर्यंत सगळा अभ्यास पूर्ण करून आणा" असे फर्मान निघते. चाळीस पाने चार दिवसांत भरावयाची म्हटल्यावर मुलगा शेजाऱ्याची वही मागून आणतो. म्हणजे अपुऱ्या वहीची उतरवलेली वही होते, आणि शिक्षकाचे एक साधनही नष्ट होते. शिवाय नव्या पाठांचा गृहपाठ चालूच असतो. यास्तव सुटीच्या अभ्यासातील जो भाग नव्या पाठास आवश्यक आहे तेवढाच निवडावा, आणि बाकीचा माफ केल्याचे वर्गात स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसते न विचारणे पुरेसे नाही. न विचारलेल्या कामाचे ओझे मुलाच्या मनावर दिवाळीपर्यंत राहते, आणि शिक्षकाच्या शब्दाची किंमतही कमी होते. 'हे माफ, हे मात्र हवे' असे एकदा सांगितले की दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

हवे ते काम शाळेतच करून घ्यावे. इंग्रजीच्या तासातील पहिली दहा मिनिटे, दोन आठवडे, एवढी तरतूद पुरते. पहिल्या दिवशी रोजच्या कामाची दहा क्रियापदे व त्यांची भूतकाळाची रूपे : गो-वेन्ट, सी-सॉ, ईट-एट, ब्रिंग-ब्रॉट अशी, त्यांत पेरणीची, पाणी भरण्याची, स्वयंपाकाची क्रियापदे अवश्य असावीत. दुसऱ्या दिवशी त्यांवरून प्रत्येकाची तीन वाक्ये. मग दोन-तीन दिवस केवळ नकार, कारण अडचण तेथेच आहे. फळ्यावर मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य एकाखाली एक लिहून भूतकाळ कोठून कोठे सरकला तो बाणाने दाखवावा. त्यानंतर प्रश्न, आणि दुसऱ्या आठवड्यात तोच 'सुटीतील एक दिवस', सहा वाक्यांत, वर्गात बसून. ज्याची वही त्या मथळ्यापाशी थांबली होती त्याने त्याच रेघेखाली लिहावे. नवीन पान घेण्याचे कारण नाही. तपासताना त्या पंधरवड्यात फक्त भूतकाळाच्या चुकांवर खूण करावी. स्पेलिंग व उपपदे यांकडे तेवढ्यापुरते दुर्लक्ष करावे. एकाच वहीत वीस खुणा पाहिल्या की मूल एकही वाचत नाही.

मुलाशी बोलताना प्रश्नाचे शब्दही महत्त्वाचे आहेत. "का केला नाहीस?" या प्रश्नाला मुलाजवळ सबबीखेरीज उत्तर नसते. आजी आजारी होती, वही भिजली, कोणी फाडली, अशा सबबी तो जुळवतो आणि शिक्षक त्या खोडत बसतो. "कुठवर आला होतास?" असे विचारले की तो वही उघडून बोट ठेवतो. हा प्रश्न त्याच्या बाकाजवळ जाऊन, हळू आवाजात विचारावा.

ज्यांनी मनापासून अभ्यास पूर्ण केला त्या मुलांचे काय? एवढी माफी दिली तर त्यांच्यावर अन्याय होतो, अशी तक्रार अनेक शिक्षकबंधू-भगिनी करतात, आणि ती निराधार नाही. परंतु त्यांना न्याय मिळावयाचा तर दुसऱ्याला शिक्षा होऊन तो मिळत नाही. त्यांची वही वाचली गेली म्हणजेच मिळतो. सुटीच्या अभ्यासाच्या पूर्ण वह्या गोळा होतात आणि मुख्याध्यापकांच्या कपाटावर ऑगस्टपर्यंत पडून राहतात, असा प्रकार विरळा नाही. ज्या मुलीने मे महिन्याच्या उन्हात पडवीत बसून पन्नास पाने लिहिली, तिला त्यावर नुसती सही मिळाली तर पुढच्या सुटीत ती काय करील हे सांगावयास नको. तिची वही पहिल्या आठवड्यातच, निदान एक वाक्य लिहून, परत करावी : तिच्या कोणत्या ओळी चांगल्या उतरल्या, कोणता शब्द नेमका पडला. तिच्या उताऱ्यातील चार वाक्ये तिच्या संमतीने वर्गात वाचून दाखवावीत. त्या दहा मिनिटांत तिला पुन्हा तीच क्रियापदे गिरवावयास लावू नयेत. वर्गातील वाचनपेटीतील एखादे इंग्रजी गोष्टीचे पुस्तक तिच्या हाती द्यावे. अडलेल्या सोबत्याजवळ तिला बसविण्याचा मोह होतो, तो दोन दिवसांपुरता ठीक. वर्षभर तिला बिनपगारी शिक्षिका करणे बरे नव्हे.

पालकांस कळवावयाचे ते वहीत तक्रार लिहून कळवू नये. पुष्कळ घरांत ती इंग्रजी किंवा मराठी ओळ वाचून दाखविण्याचे काम त्याच मुलाकडे येते. पहिल्या पालकसभेत, अथवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीनंतर, चार शब्द समक्ष बोलावेत. आणि मागणी लहान ठेवावी. इंग्रजी न जाणणाऱ्या आईनेही रोज संध्याकाळी दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचावयास लावावे, एवढे पुरे. अर्थ तिला कळलाच पाहिजे असे नाही. मूल अडखळले की तिला ते ऐकू येते.

शेवटी गृहपाठ देणाऱ्याची बाजू. 2020 च्या राष्ट्रीय शालेय दप्तर धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना सर्व विषय मिळून दिवसाला जास्तीत जास्त एक तासाचा गृहपाठ असावा असे म्हटले आहे. तो नियम शाळेच्या दिवसांचा. सुटीत एकट्या इंग्रजीने एवढा वेळ मागणे कोणत्याही हिशोबात बसत नाही. दिवाळीच्या सुटीचा अभ्यास देताना पाने सांगण्याऐवजी दिवस सांगावेत : एक दिवसाआड तीन वाक्ये, आदल्या दिवशी काय घडले त्याविषयी. अशा वहीत तारखा येतात, आणि तारखांमुळे एका रात्रीत उतरवून काढणे अवघड होते. सुटीपूर्वीच्या शेवटच्या तासाला पहिली तीन वाक्ये वर्गातच लिहून घ्यावीत, म्हणजे कोणाचीही वही कोरी घरी जाणार नाही. जूनमधील त्या संध्याकाळी केलेली टिपणे, कोणाची वही कोठे थांबली होती याची, शिक्षकाने जपून ठेवावीत. दिवाळीनंतरच्या वह्या त्यांच्याशी ताडून पाहाव्यात, आणि मूल पुढच्या इयत्तेत किंवा दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल तेव्हा त्या टिपणाची एक प्रत तेथील इंग्रजीच्या शिक्षकाकडे पाठवावी.